जुन्या पिकअपची हेडलाईट पुन्हा पुन्हा मंद पडते? बल्ब राहू द्या, आधी वायरिंग मोजा

"भाऊ, डावी लाईट मरून राहिली. आत्ताच बल्ब टाकला होता, तरी तेच." जुनी पिकअप चालवणाऱ्या कोणत्याही ड्रायव्हरला विचारा, ही तक्रार निघतेच. नवा बल्ब टाकला की लाईट झकास लागते. मग काही दिवसांत एक बाजू पिवळी पडते, खड्ड्यात चाक गेलं की विझते आणि बोनेटवर थाप मारली की पेटते. काटोल-नरखेडकडून संत्रा भरून रात्री कळमन्याला यायचं असेल, किंवा मनसर सोडून देवलापारच्या जंगलपट्ट्यातून जबलपूरकडे जायचं असेल, तर अशा लाईटवर गाडी काढणं म्हणजे जीव टांगणीला. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली या पिवळ्या उजेडात दिसते तोवर ब्रेक मारायला जागा उरत नाही.

नवा बल्ब टाकल्यावर काही दिवस बरं का वाटतं, हे समजलं की निम्मं काम झालं. बल्ब बदलायचा तर होल्डर ओढून काढावा लागतो आणि पुन्हा दाबून बसवावा लागतो. या घासाघाशीत आतल्या धातूच्या पत्त्यांवरचा काळा-हिरवा थर थोडा खरवडला जातो आणि कनेक्शन तात्पुरतं सुधारतं. श्रेय मात्र बल्बला मिळतं. जुना, 'गेलेला' म्हणून काढलेला बल्ब फेकण्याआधी दोन वायरींनी थेट बॅटरीला लावून बघा. फिलामेंट शाबूत असेल तर तो तिथे फक्क पेटेल, आणि दोष कुठे नाही हे तिथल्या तिथे कळेल.

बॅटरी-डायनॅमोचा प्रश्न आधी मिटवा

इंजिन चालू करून हेडलाईट लावा आणि केबिनमधला दिवाही लावा. एक्सिलरेटर दाबल्यावर सगळेच दिवे एकत्र कमी-जास्त होत असतील तर हेडलाईटच्या वायरिंगला हात लावू नका. बेल्ट ढिला आहे का, डायनॅमो चार्ज देतो का, बॅटरीची टर्मिनलं पांढरी पडलीत का, ते पाहा. इंजिन थोडं रेज करून बॅटरीवर मल्टीमीटर लावला की साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. १४.८च्या वर जात असेल तर कटआऊट (चार्जिंगचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर) बिघडलाय, आणि तुमचे बल्ब खरोखरच जळून जाताहेत. हॅलोजन बल्बला ५ टक्के व्होल्टेज जास्त मिळालं तरी त्याचं आयुष्य जवळपास निम्मं होतं. बल्ब बसवताना काचेला बोटं लागणं हेही बल्ब लवकर जाण्याचं एक कारण. बोटाचं तेल तापलेल्या काचेवर तसंच भाजलं जातं.

केबिनचा दिवा स्थिर आणि फक्त हेडलाईटच मंद किंवा फडफडणारी, तर पुढे वाचा.

बीपवर विसंबू नका

बरेच वायरमन बॅटरीचं कनेक्शन काढून मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (वायर अखंड आहे का ते बीपने सांगणाऱ्या सेटिंगवर) लावतात, बीप वाजला की "वायर ओके आहे" म्हणतात आणि नवा बल्ब विकतात. अशा तपासणीत हा दोष कधीच सापडत नाही. वायरच्या आत पंचवीस-तीस बारीक तारा असतात. त्यातल्या दोनच शाबूत उरल्या तरी बीप वाजतो, कारण तपासताना मीटर त्या वायरमधून मिलिअँपिअरमध्ये करंट सोडतो. हेडलाईटला लागतो तो करंट याच्या हजारो पट. पाइपमधून थेंब गळतो म्हणून मोटर लावल्यावर पूर्ण धार येईल असं धरण्यासारखं आहे हे.

जुन्या पिकअपना सहसा एच४ जातीचा, ६०/५५ वॅटचा बल्ब असतो. म्हणजे अप्परला (लांबच्या झोताला) ६० वॅट, डिपरला (खालच्या झोताला) ५५. बारा व्होल्टवर डिपरचा एक बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो, दोन मिळून नऊच्या वर. अप्परला दोन्ही मिळून १० अँपिअर. एवढा करंट वाहत असतानाच वायर तपासली पाहिजे. लाईट चालू, इंजिन चालू, बल्ब जागेवर. मग मीटर लावायचा.

पद्धत अशी. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. होल्डर बल्बवरून काढू नका. मागच्या बाजूने, वायर जिथे होल्डरमध्ये शिरते तिथून मीटरची पिन किंवा बारीक टाचणी आत सरकवा. तीन पिनांपैकी कोणती कशाची हे रंगावरून ओळखायला जाऊ नका. इतक्या वर्षांत कोणी कोणत्या रंगाची वायर जोडली असेल त्याचा भरवसा नाही. डिपर लावल्यावर जिथे व्होल्टेज येतं ती डिपरची, अप्परला जिथे येतं ती अप्परची, आणि दोन्ही वेळा शून्याजवळ राहते ती अर्थची, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी. काही गाड्यांत उलटी रचना असते: मधल्या सामाईक पिनेला कायम प्लस असतो आणि स्विच अर्थ जोडतो. तुमची तशी असेल तर ते आत्ताच लिहून ठेवा, रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवताना लागेल.

आता पहिलं माप. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसवर, काळी बल्बच्या डिपरच्या पिनेवर. जे दिसेल ते येण्याच्या वाटेत खाल्लेलं व्होल्टेज. दुसरं माप. लाल पिन बल्बच्या अर्थवर, काळी बॅटरीच्या मायनसवर. हे परतीच्या वाटेत खाल्लेलं. ही दोन मापं डाव्या-उजव्या दोन्ही बल्बना, डिपर आणि अप्पर दोन्हीवर घ्या आणि कागदावर मांडा. इंजिन चालू असताना हात आत घालायचाय, तेव्हा उन्हाळ्यात गळ्यात दुपट्टा असेल तर काढून ठेवा. बेल्टला तो ओढायला वेळ लागत नाही.

आमच्या पिकअपवर बॅटरीला १४.१ व्होल्ट होते. डाव्या डिपरला येण्याच्या वाटेत १.९ गेले, परतीच्या वाटेत ०.९. म्हणजे बल्बच्या वाट्याला उरले ११.३. ऐकायला यात फारसं काही वाटत नाही, बाराचा बल्ब आणि अकरा-सव्वाअकरा व्होल्ट. पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, साधारण ३.४ व्या घाताने घसरतो. त्यामुळे २० टक्के व्होल्टेज गेलं की उजेड निम्म्याहून खाली येतो. ड्रायव्हर म्हणतो "लाईटच नाई", ते खरंच असतं.

परतीच्या वाटेत ०.२ पेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. येण्याच्या वाटेत जुन्या गाडीत अर्धा व्होल्ट मी चालवून घेतो, त्याच्या वर नाही.

मीटर नसेल तर? जाडसर वायरचे दोन लांब तुकडे घ्या, टोकांना क्रोकोडाइल क्लिप लावा, आणि एकात मध्ये १० अँपिअरचा फ्यूज घाला. लाईट चालू ठेवून बिनफ्यूजच्या वायरने बॅटरीचा मायनस बल्बच्या अर्थच्या पिनेला जोडा. उजेड एकदम उसळला तर अर्थ गेलेलं. काहीच फरक नाही, तर फ्यूजवाल्या वायरने बॅटरीचा प्लस डिपरच्या पिनेला जोडा. आता उसळला तर दोष प्लसच्या वाटेत. उलट्या रचनेच्या गाडीवर मात्र या दोन्ही चाचण्या करू नका. रस्त्यात, धाब्यावर, कुठेही होण्यासारखं काम आहे.

भुतासारखी वागणारी लाईट

एक लक्षण वेगळं सांगतो, कारण त्यावर लोक डोकं आपटत बसतात. डिपर लावला की डावा बल्ब लालसर मंद, त्यातले दोन्ही फिलामेंट थोडे थोडे पेटलेले, आणि डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवाही अंधुक जळतोय. अप्पर तर लावलेलाच नाही! वायरमन स्विच बदलायला सांगतो. स्विच बदलला तरी निळा दिवा जळतच राहतो.

हे डाव्या बल्बच्या तुटलेल्या अर्थचं काम. करंट डिपरच्या फिलामेंटमध्ये शिरतो, परतायला सरळ वाट सापडत नाही, म्हणून त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा निघतो. तिथून अप्परच्या वायरने उजव्या बल्बला पोचतो आणि त्याच्या शाबूत अर्थमधून बॅटरीला मिळतो. वाटेत तीन फिलामेंट एकामागे एक, त्यामुळे प्रत्येकाला चार-साडेचार व्होल्ट. अप्परच्या वायरवर तेवढं व्होल्टेज आलं की निळा दिवाही मिणमिणतो. स्विच काढायची गरज नाही, डावं अर्थ नीट करा.

अर्थ कुठे असतं? बहुतेक हेडलाईटच्या मागे किंवा बॅटरीच्या ट्रेजवळ पत्र्याला एका बोल्टखाली थिंबल (वायरच्या टोकाला बसवलेली धातूची कडी) दाबलेलं असतं. बोल्ट काढा. खाली गंज, वर रंग, आणि कधीतरी डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर बोल्टसकट सगळ्यावर स्प्रे मारलेला असतो. बॅटरीचा मायनस काढून पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, नवं थिंबल दाबा, खाली स्टार वॉशर घाला, आवळा, आणि आवळल्यानंतर वरून ग्रीस किंवा व्हॅसलीन फासा. मी यापुढे जाऊन दोन्ही हेडलाईटचं अर्थ अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरने थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत नेतो. जुन्या गाडीचा पत्रा, त्यावरचा गंज, चेसीस आणि बॉडीमधले रबर पॅकिंग, या सगळ्यातून करंट नीट परतेल अशी आशा ठेवण्यात अर्थ नाही.

वितळलेला होल्डर

होल्डर काढल्यावर एका पिनेजवळ प्लास्टिक तपकिरी किंवा फुगलेलं दिसलं तर तिथे मुक्काम करा. पत्ती सैल झाली की तिथे रोध वाढतो. समजा एका पत्तीवर अर्धा व्होल्ट पडतोय आणि साडेचार अँपिअर वाहतोय, तर सव्वादोन वॅट उष्णता त्या नखाएवढ्या जागेत तयार होते. बाहेर मे महिन्यातला नागपूरचा ४५ अंशांचा पारा, आत इंजिनचा आणि बल्बचा ताप. पत्तीचा ताण जातो, ती आणखी सैल होते, आणखी तापते. एकदा काळी पडलेली पत्ती पक्कडीने दाबून घट्ट करणं म्हणजे दोन आठवड्यांची सोय. होल्डर बदला. सिरॅमिकचा होल्डर उष्णता सोसतो हे खरं, पण त्याच्या पत्त्याही स्वस्तातल्या असतील तर फक्त वितळायचं थांबेल, तापायचं नाही. विकत घेताना त्यात बल्ब घालून पाहा. खेचायला जोर लागला पाहिजे.

नवा होल्डर जोडताना जुनी वायर मागे कापत जा, आतलं तांबं लाल दिसेपर्यंत. काळं पडलेलं तांबं कितीही पिळलं तरी जोड टिकत नाही. आणि पिळून टेप गुंडाळण्याची आपल्याकडची सवय तर सोडाच. उन्हाळ्यात टेपचा गोंद वितळून टेप सरकते, पावसाळ्यात उघड्या जोडात पाणी शिरतं. क्रिंपिंग प्लायरने थिंबल किंवा जोडनळी दाबा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवा. सोल्डरिंग करत असाल तर जोडाच्या दोन्ही बाजूंची वायर क्लिपने बांधून टाका, नाहीतर हादऱ्याने ती डागाच्या अगदी शेजारी तुटते.

येण्याच्या वाटेतला दोष आणि रिले

होल्डर आणि अर्थ नीट करूनही प्लसच्या वाटेत व्होल्टभर जात असेल तर कारण बहुधा मूळ रचनेतच आहे. कित्येक जुन्या पिकअपमध्ये हेडलाईटचा पूर्ण करंट बॅटरीपासून इग्निशन स्विच, फ्यूज बॉक्स आणि स्टिअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचमधून फिरून पुन्हा पुढे येतो. ही पाच-साडेपाच मीटरची वाट १ चौरस मिलिमीटरच्या वायरची असेल तर दहा अँपिअरवर नुसत्या तांब्यातच व्होल्टभर जातं, गंज वगैरे काही नसताना. वर स्विचचे कॉन्टॅक्ट जळालेले असतात. अप्पर-डिपरची दांडी अर्ध्यावर धरली की लाईट लागते, सोडली की जाते, किंवा अर्ध्या तासाने स्विच गरम होऊन लाईट गुल, ही त्याची खूण. नवा स्विच टाकला तरी करंट तोच, म्हणून तोही त्याच वाटेने जातो.

इलाज रिलेचा. अप्परला एक, डिपरला एक. रिलेची कॉइल पाव अँपिअरपेक्षाही कमी ओढते, त्यामुळे स्विचचं काम फक्त इशारा देण्यापुरतं उरतं. जोडणी सरळ आहे. एका बाजूच्या जुन्या होल्डरची डिपरची वायर डिपरच्या रिलेच्या ८६ नंबरच्या पिनेला, ८५ नंबरची पिन अर्थला. बॅटरीच्या प्लसपासून निघून लगेच १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून अडीच चौरस मिलिमीटरची वायर ३० ला. ८७ पासून नवी वायर दोन्ही बल्बच्या डिपर पिनांना. अप्परचंही तसंच, स्वतंत्र फ्यूज घालून. एकाच फ्यूजवर दोन्ही घेतले आणि तो गेला तर घाटात पूर्ण अंधार. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा, कारण त्याच्या आधीच्या वायरला काहीच संरक्षण नसतं. अडीचच्या वायरने तीन मीटरला दहा अँपिअरवर ०.२ व्होल्टच पडतं.

उलट्या रचनेच्या गाडीत कॉइलचं एक टोक कायम प्लसला आणि दुसरं स्विचकडून येणाऱ्या वायरला जोडावं लागतं. तयार रिले किट घेताना दुकानदाराला हे आधी सांगा. वाडी, पारडी किंवा कळमन्याकडे जिथे मालवाहू गाड्या उभ्या राहतात तिथल्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानांत हे सामान मिळतं. किटमधली वायर मात्र कापून पाहा; वरून जाड दिसणाऱ्या वायरमध्ये प्लास्टिकच जास्त आणि तांबं नावाला असं निघू शकतं.

रिले बसवल्यावर मोह होतो तो १००/९० वॅटच्या बल्बचा. नका टाकू. अप्परला दोन्ही मिळून १६-१७ अँपिअर होतात, १५चा फ्यूज उडतो, मग कोणीतरी त्याला ३०चा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालतो. रिफ्लेक्टरही त्या उष्णतेने काळवंडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस तपासणी करून घ्यावी लागते, तिथेही हे बल्ब अडचणीचे. एलईडी बल्बचंही माझं मत फारसं चांगलं नाही. करंट कमी लागतो म्हणून खराब वायरिंग झाकली जाते, पण हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये उजेड भलतीकडे पसरतो. ५५ वॅटला पूर्ण साडेतेरा व्होल्ट पोचले तर तोच बल्ब पांढरा शुभ्र जळतो.

व्होल्टेज पूर्ण आहे आणि उजेड तरीही नाही, तर रिफ्लेक्टरची चांदी उडालीय किंवा काच आतून धुरकट झालीय. तिथे वायरिंगचा दोष नाही, लाईट असेंब्लीच बदलावी लागते.

कधी लागते, कधी जाते

हा दोष शोधायचा तर अंधारात, लाईट लावून, इंजिन बंद ठेवून एकाने समोर उभं राहायचं आणि दुसऱ्याने वायरिंगचा जुडगा हळूहळू हलवत न्यायचा. ठरलेल्या जागा आहेत: फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) वायर जिथे बाहेर येते तिथलं रबर ग्रोमेट, बॅटरीच्या ट्रेखाली जिथे अ‍ॅसिड ठिबकतं, रेडिएटरच्या चौकटीची धार, आणि बंपरवर ठोकर बसून कधीकाळी पत्रा सरळ केलेली बाजू. धान्याच्या गोदामाजवळ रात्रभर गाडी उभी राहत असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हमखास सापडतात. कुरतडलेला भाग झाकू नका, कापून नवी वायर घाला आणि नालीदार फ्लेक्सिबल पाइपमधून न्या. पाइपच्या खालच्या टोकाला बारीक छिद्र ठेवा, वॉशिंगचं आणि पावसाचं पाणी साचून राहणार नाही.

सगळं झाल्यावर ती दोन्ही मापं पुन्हा घ्या. येण्या-जाण्याचं मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत आलं की वायरिंगचं काम संपलं. मग लाईटचा रोख. गाडी सपाट जागी भिंतीपासून १० मीटरवर उभी करा, रोजचा माल किंवा तेवढं वजन मागे ठेवा, कारण रिकाम्या पिकअपवर लावलेला रोख माल भरला की आभाळाकडे जातो. डिपरची कड बल्बच्या उंचीपेक्षा साधारण १० सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. रोखाचे स्क्रू जुन्या गाडीत गंजलेले असतात. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, जोर लावलात तर प्लास्टिकची नट तुटते आणि लाईट डोलायला लागते.